दुवा आणि दवा

आजारी लेकराच्या उशाशी बसून रामरक्षा म्हणणे ही आपल्या घरांतील जुनी रीत. त्याच आर्त भावनेतून होणाऱ्या इस्लामी उपचारास ‘रुक्या’ म्हणतात. अल्-फातिहा, आयतुल कुर्सी व कुराणाचे अखेरचे दोन अध्याय म्हणून रुग्णावर फुंकर घालतात. बरे करणारा अल्ला, पठण करणारा नव्हे, हा त्यातील मूळ सिद्धान्त. दंश झालेल्या टोळीप्रमुखास प्रेषितांच्या एका सोबत्याने फातिहा म्हणून बरे केल्याची कथा बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. ईश्वराने प्रत्येक रोगावर उपायही दिला आहे, असे सांगणारे वचनही तेथेच आढळते.

ही जोडी तुटली की अनर्थ ओढवतो. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ बरे होण्याच्या आशेने मनोरुग्णांना आणून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खाजगी आश्रयगृहास आग लागली; साखळदंडांनी जखडलेल्यांना पळता आले नाही, २८ जीव गेले. याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ साली ‘दवा-दुवा’ उपक्रम सुरू झाला आणि मुजावर रुग्णांस मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवू लागले. हिंदू भाविकही त्या दर्ग्यास जातात.

सणानिमित्त देवापुढे हात जोडताना आम्हांस एवढेच सुचवावेसे वाटते : अंगारा अवश्य लावावा, परंतु वैद्याचा उंबरठा चुकवू नये.