लग्नाचा कौल कुणी द्यायचा?

समजा, चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनरांगेत प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. ‘दोन मुलांनी किंवा दोन मुलींनी एकमेकांशी कायदेशीर लग्न केलेलं चालेल का? हो की नाही?’ निकाल काय लागेल, हे तुम्ही मनात ठरवूनही टाकलं असेल. पण मुळात हे रांगेला विचारायचं का?

आयर्लंडने विचारलं. तिथे घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं. २२ मे २०१५ ला ६२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या एका मंत्र्याने रेडिओवर सांगून टाकलं होतं, मी गे आहे. नाव लिओ वराडकर. वडिलांकडचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड! २०१७ मध्ये हाच गडी तिथला पंतप्रधान झाला.

भारी वाटतं ना? आता तैवान बघा. २०१८ च्या सार्वमतात तिथले लोक ‘नाही’ म्हणाले. तिथल्या घटना न्यायालयाने हा हक्क आधीच मान्य केला होता, म्हणून मे २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. न्यायालय नसतं तर त्या जोडप्यांनी काय करायचं होतं?

आपल्या घटनेत देशभर सार्वमत घ्यायची सोयच नाही. आपल्या जवळचा मोठा कौल म्हणजे गोव्याचा, १६ जानेवारी १९६७ चा. महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं? तो ठीकच होता. ज्यांचं भवितव्य, त्यांचंच मत. लग्नाचं तसं नाही. मत देणार सगळे, लग्न अडणार मोजक्यांचं. आंतरजातीय लग्नांसाठी गावोगाव मतदान घेतलं असतं तर? विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये संसदेने केला, तो कुणाला चिठ्ठ्या न वाटता.

म्हणून माझं मत संसदेच्या बाजूने. सार्वमताचं एक मात्र आवडतं, त्या निमित्ताने घराघरांत बोलणं तरी होतं. आपल्याकडे हा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठानेही हा चेंडू संसदेकडेच टोलवला. पण तिथे तो झेलणार कोण? सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायदा बदलायचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, म्हणजे आशा किती ठेवायची ते बघा. सरकारने मनावर घेतलं तरच काही होणार, आणि सरकार मनावर घेतं ते मतदाराकडे बघून.

राजूर जालना लोकसभा मतदारसंघात येतं. पुढच्या वेळी उमेदवार प्रचाराला आला की कापसाचा भाव विचारा, पाण्याचं विचारा, भरतीचं विचारा. आणि जाता जाता हेही विचारून बघा. आधी तो शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघेल. बघू द्या. उत्तर येईपर्यंत थांबा.