सूर्यशक्ति-केंद्रांतील झडपांची निवड

कुर्ला तालुक्यांतील पवईच्या आय. आय. टी.च्या पुढाकारानें दिल्लीजवळ ग्वाल पहाडी येथें २०१२ च्या सुमारास एक मेगावॉट शक्तीचें सौर-औष्णिक वीजकेंद्र उभें राहिलें. लांबच लांब खोलगट आरसे सूर्यकिरण एका नळीवर एकवटतात. नळींतील तेल सुमारें ३९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें, आणि त्याच्या उष्णतेनें झालेली वाफ जनित्र फिरविते. पाहुण्यांचें लक्ष आरशांकडे जातें. केंद्राचें क्षेम मात्र पुष्कळ अंशीं नळांवरील झडपांच्या हातीं असतें.

कुर्ल्याच्या एखाद्या कारखान्यांत बॉयलरवर वर्षानुवर्षें उत्तम काम देणारी झडप येथें कां चालूं नये? केवळ दाब पाहिला तर ती चालेलही. अडचण दाबाची नाहीं, दिनक्रमाची आहे. कोळशाचा मोठा बॉयलर एकदां पेटला कीं आठवडेच्या आठवडे तापलेला राहतो. सूर्य रोज मावळतो. तीस वर्षांत झडपेस सुमारें अकरा हजार वेळां तापावें आणि निवावें लागतें. त्यांत तिचें अंग, दांडा व बैठक सारख्याच प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत. पाचरीसारखी तबकडी असलेला गेट व्हॉल्व्ह तापलेला असतांना बंद केला, तर निवतांना अंग आकसून पाचर आवळली जाते. मग सकाळीं कामगार चाकाला लोंबकळला तरी तें हलत नाहीं!

दुसरें संकट गळतीचें. पाण्याची वाफ थोडी गळली तर इंधनाचा तोटा होतो. हें तेल म्हणजे बायफेनिल व डायफेनिल ऑक्साइड यांचें ज्वालाग्राही मिश्रण होय. एरव्हीं तें २५७ अंशांवरच उकळतें. ३९० अंशांस द्रवरूप ठेवावयाचें तर सुमारें दहा वातावरणांचा दाब लागतो. फटींतून सुटतांच त्याची वाफ होते, आणि आगीचें भय उभें राहतें. दांड्याभोंवतींचें साधें पॅकिंग रोजच्या ताप-निवण्यानें सैल पडतें. यास्तव दांड्यावर पातळ पोलादाचा, भात्यासारखा घडीदार नळा वेल्डिंगनें बसवितात. दांडा वरखालीं होतो, घड्या मिटतात-उघडतात, पण तेलास वाट मिळत नाहीं. अशी झडप महाग खरी. शिवाय भात्याचें आयुष्य ठराविक उघडझापींचें असतें. तो आंकडा विचारल्यावांचून खरेदी करूं नये, आणि भात्याच्या वर राखीव पॅकिंग आहे ना, हेंही पाहावें. टेफ्लॉनची बैठक २६० अंशांपलीकडे टिकत नाहीं; तेथें धातूवर धातूच बसला पाहिजे.

हेंच तेल १२ अंशांस गोठतें. मुंबईकरांस ही पंचाईत क्वचितच कळेल. उत्तरेकडील हिंवाळ्यांत मात्र ती खरी आहे. वितळलेल्या क्षारांची गोष्ट याहून बिकट. स्पेनमधील अंदासोल केंद्रांत २००८-०९ पासून उष्णता सांठविण्यासाठीं सोडियम नायट्रेट व सोरा यांचें सुमारें २८,५०० टन मिश्रण वापरलें गेलें. तें २२० अंशांच्या आसपासच घट्ट होऊं लागतें. म्हणून झडपेच्या अंगावर विजेच्या तापतारा गुंडाळाव्या लागतात. त्यांतून पॅकिंग असतें ग्रॅफाइटचें, म्हणजे कार्बनचें. कार्बन आणि सोरा यांची संगत बंदुकीच्या दारूमुळें प्रसिद्धच आहे! फार तापलेला क्षार ग्रॅफाइट हळूहळू खाऊन टाकतो. यासाठीं झडपेची मान लांब करून पॅकिंग उष्णतेपासून दूर नेतात, परंतु इतकेंही दूर नव्हे कीं तेथें क्षार गोठून दांडाच अडकून बसावा.