सात चंद्रांची मुदत

रहस्यकथेतला सगळ्यात पक्का साक्षीदार कधी बोलत नाही, कारण तो मेलेला असतो. खून कुणी केला हे ज्याला ठाऊक असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तोच पहिल्या पानावर गप्प होतो. मग डिटेक्टिव्ह बिचारा तीनशे पानं सिगारेटची थोटकं गोळा करत हिंडतो. श्रीलंकेचे शेहान करुणातिलक यांनी ही रीतच उलटी केली. ‘द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा’ या त्यांच्या कादंबरीत मेलेला माणूस स्वतःच तपासाला निघतो. मग रहस्य उरतं कुठे? माली सगळं आयुष्य आठवू शकतो. मरण तेवढं आठवत नाही.

माली म्हणजे युद्धाचे फोटो काढणारा, जुगारी, पुरुषांवर प्रेम करणारा आणि ते चारचौघांत लपवणारा. १९९० च्या कोलंबोत तो मेल्यावर भानावर येतो, तेव्हा गळ्यात कॅमेरा आहे आणि समोर चक्क सरकारी कचेरी! रांगा, काउंटर, वैतागलेले कारकून, आरडाओरडा. आत्म्यांचे कान तपासले जातात, कारण गेल्या जन्मांच्या खुणा म्हणे तिथे असतात. मुदत सात चंद्रांची, म्हणजे सात रात्रींची. तेवढ्यात ‘प्रकाशा’त शिरायचं, की सगळं विसरून मोकळं. आपल्याकडे दहाव्याला कावळ्याची वाट पाहतात. सिंहली बौद्ध घरांत सातव्या दिवसाच्या निमित्ताने भिक्खूंना दान देऊन त्याचं पुण्य मृताला अर्पण करतात. सात हा आकडा तिथल्याच हवेतला असावा, असं मला वाटतं.

हवेवरून आठवलं. या परलोकातली प्रवासाची सोय वाऱ्यावर चालते, पण वारा नेईल तिथे जाता येत नाही. जिथे तुमचं शरीर कधी गेलं असेल तिथे जाता येतं. नाहीतर कुणी तुमचं नाव घेतलं, तर तिथे. कथा रचण्याची काय अजब युक्ती आहे ही! आईने नाव काढलं की माली आईजवळ, पोलिसाने काढलं की पोलिसाच्या शेजारी. मारेकरी आपसांत त्याच्याबद्दल बोलले, तर तेच त्याला बोलावून घेतात. आणि ज्या देशात माणसं रातोरात नाहीशी होत आणि त्यांचं नाव घ्यायलाही शेजारी घाबरत, तिथे या नियमाचा अर्थ काय होतो पाहा. ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते भूत आपल्या जुन्याच जागांत अडकलं.

हा देश कल्पनेतला नव्हे. जुलै १९८३ मध्ये तमिळांची कत्तल झाली, पुढे उत्तरेत तमिळ वाघ म्हणवणारे बंडखोर, दक्षिणेत डाव्या जनता विमुक्ती पेरमुनाचा उठाव, त्यावर सरकारी पथकांचा सूड, मध्ये भारताची शांतिसेना. फेब्रुवारी १९९० मध्ये पत्रकार रिचर्ड डी झोयसा यांना कोलंबोतल्या घरातून उचलून नेलं आणि प्रेत किनाऱ्याला लागलं. मालीची कल्पना त्यांच्यावरून सुचली. परलोकाच्या काउंटरवर बसलेल्या डॉ. राणी यांच्यामागे रजनी तिरानगामा आहेत. जाफन्यात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या, सगळ्याच बाजूंचे अत्याचार नोंदवणाऱ्या रजनींना सप्टेंबर १९८९ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

खरी गंमत म्हणजे याच राणी मालीला म्हणतात, विसर आणि प्रकाशात जा. दुसऱ्या बाजूला सेना नावाचं क्रांतिकारकाचं भूत कानाशी लागतं: विसरू नकोस, सूड घे. मालीला दोन्ही नको आहे. त्याने पलंगाखाली दडवलेल्या पेटीत असे फोटो आहेत की सरकार गडगडेल, आणि ते जिवंत दोस्तांच्या हाती पडायला हवेत. म्हणजे स्वतःचं मरण विसरलेला माणूस देशाच्या आठवणीची उठाठेव करतोय. खुनी कोण, हे शोधताना मलाही त्या पेटीचीच जास्त काळजी लागली होती.

सारी कादंबरी ‘तू’ला उद्देशून आहे. देह गेल्यावर काही उरलंच, तर डोक्यातला तो आवाज उरेल, आणि तो आपल्याशी ‘तू’ म्हणूनच बोलतो, असं लेखकाचं म्हणणं. २००९ मध्ये युद्ध संपलं आणि किती मेले, दोष कुणाचा यावर वाद पेटला, तेव्हा मेलेल्यांनाच विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण वर्तमानाबद्दल लिहायची छाती होईना, म्हणून ते वीस वर्षं मागे गेले. २०२० मध्ये ‘चॅट्स विथ द डेड’ या नावाने ती आधी भारतात निघाली. परदेशी वाचकांना श्रीलंकेतलं राजकारण आणि पुराणं उमगावीत म्हणून लेखकाने ती पुन्हा लिहून काढली, आणि नव्या रूपाला २०२२ चं बुकर मिळालं. मला जुनी, जरा गुंतागुंतीची आवृत्तीही वाचण्याजोगी वाटते. भुताखेतांचा परिचय करून द्यावा लागत नाही, असाच वाचक तिने गृहीत धरला आहे.