जुन्या नोटा सापडल्या, तर काय कराल?

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणी चालू होती. आठवड्याभरातच जिल्हा बँकांना या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्यांचे खाते फक्त तिथेच, त्यांची मोठी पंचाईत झाली. बँकांत भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०१६ ला संपली.

आजही एखाद्या आजीच्या गाठोड्यात अशा नोटा निघतात. स्पष्टच सांगतो, त्या आता बदलून मिळत नाहीत. "निम्म्या किमतीत बदलून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवल्या, तर २०१७ च्या कायद्याने दंड आहे.

२००० च्या नोटेचे मात्र वेगळे. ती १९ मे २०२३ ला मागे घेतली, पण रद्द केली नाही. बँकेच्या शाखांत ती ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंतच घेतली. त्यानंतर सोय रिझर्व्ह बँकेच्या ठराविक कार्यालयांत. राज्यात मुंबई, बेलापूर व नागपूर. जळगाव-धुळ्याहून जायचे म्हणजे भाडे आणि मजुरी दोन्ही बुडते. त्यापेक्षा टपालाने नोटा पाठवून पैसे खात्यात जमा करून घेता येतात. पोस्टात चौकशी करा, पावती जपून ठेवा.