मधुमेह, आहार आणि त्वचेचे आरोग्य

रक्तातील साखरेचे प्रमाण आणि त्वचेची स्थिती यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. मधुमेहाचे निदान होण्यापूर्वीच पुष्कळदा त्याच्या खुणा त्वचेवर उमटलेल्या असतात. आहारातील बदलांचा रक्तशर्करेवर आणि काही प्रमाणात त्वचेवरही परिणाम होतो. मेथी, कारले, हळद, कडुनिंब इत्यादी वनस्पतींचा घरगुती उपचार म्हणून महाराष्ट्रात सर्रास वापर होतो; त्यांच्या गुणांविषयीचा पुरावा मात्र वनस्पतीगणिक कमीअधिक आहे.

प्राचीन उल्लेख

हा संबंध आयुर्वेदाच्या आद्य ग्रंथकारांच्या ध्यानात आलेला होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये मूत्राला व शरीराला मुंग्या लागणे हे लक्षण सांगितले आहे. प्रमेहाची उपेक्षा झाल्यास अंगावर उठणाऱ्या गळवांना 'प्रमेहपिडका' अशी संज्ञा असून चरकाने त्यांचे सात, तर सुश्रुताने दहा प्रकार वर्णिले आहेत. मधुमेही व्यक्तीला वारंवार गळवे होतात, हे निरीक्षण आधुनिक वैद्यकातही कायम आहे.

त्वचेवरील खुणा

सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी, खूण म्हणजे मानेच्या मागील बाजूस, काखेत व जांघेत त्वचा काळवंडणे. तेथील त्वचा जाडसर होते व स्पर्शाला मखमलीसारखी लागते. या अवस्थेला 'ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स' असे नाव आहे. शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा झाल्या, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवू लागते. हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींवरील वाढीशी निगडित ग्राहींना चेतवते आणि त्या पेशींची बेसुमार वाढ होते. म्हणजे रक्तातील साखर अद्याप मर्यादेत असतानाच मान काळी पडू लागते.

घरोघरी मात्र हा मळ समजला जातो. शाळकरी मुलांना त्यावरून टोमणे ऐकावे लागतात. मान दगडाने किंवा घासणीने घासली जाते, लिंबू-बेसन चोळले जाते. घासण्याने हा रंग जात नाही, उलट त्वचा सोलवटून दाह होतो. क्वचित प्रसंगी, विशेषतः उतारवयात अशी त्वचा अकस्मात उद्भवल्यास, तिचे कारण पोटातील कर्करोगही असू शकते. एरवी वजन घटले व इन्सुलिनचा प्रतिरोध कमी झाला, तर काही महिन्यांत काळेपणा फिकट होत जातो. लेप लावून जे साधत नाही ते येथे ताटातील बदलाने साधते.

सडसडीत दिसणाऱ्या व्यक्तीही या धोक्यापासून मुक्त नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 'द लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला दोघांचाही देहभारांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

मधुमेहात याखेरीज कोरडेपणा, खाज, बोटांच्या बेचक्यांत व स्तनांखाली होणारा बुरशीचा संसर्ग, नडगीवरील तपकिरी डाग आणि लवकर न भरणाऱ्या जखमा आढळतात.

कार्यकारण

रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ग्लुकोजचे रेणू प्रथिनांना चिकटतात. ही क्रिया विकरांच्या मदतीविना, आपोआप घडते. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरूनच 'एचबीए१सी' ही तपासणी केली जाते. या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. त्वचेतील कोलॅजेन हे प्रथिन मात्र अत्यंत सावकाश बदलले जाते, त्यामुळे त्यावरील साखरेची पुटे वर्षानुवर्षे साचत राहतात आणि त्वचेचा लवचीकपणा उणावतो.

आहार

कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो हे दर्शविणारा 'ग्लायसेमिक निर्देशांक' टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडला. पदार्थाच्या नावापेक्षा त्याचे दळण, शिजवणे व परिमाण यांना यात अधिक महत्त्व आहे. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत तंतुमय भाग चांगला असतो. परंतु नाचणीचे वस्त्रगाळ सत्त्व काढून केलेली खीर आणि कोंड्यासकट पिठाची भाकरी यांचा परिणाम सारखा होत नाही. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे, त्यामुळे मधुमेही व्यक्तीसाठी खिचडीचा उपवास हा उपवास ठरत नाही. गूळ व मध हे 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक मानले जातात. तथापि दोन्ही मुख्यतः साखरच आहेत.

मुरुमांचाही आहाराशी संबंध दिसतो. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर व पॅराग्वेतील आचे जमातीत संशोधकांना मुरुमे आढळली नाहीत, असा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. तेथील आहारात मैदा व साखर नगण्य होती. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयोगटातील ४३ मुलग्यांवर व तरुणांवर झालेल्या चाचणीत, साखर सावकाश वाढवणारा आहार १२ आठवडे घेणाऱ्यांची मुरुमे तुलनेने अधिक कमी झाली.

वनस्पतिज उपचार

मेथीविषयीचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे. मेथीदाण्यातील विद्राव्य तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात आणि आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्निग्धांश काढलेली १०० ग्रॅम मेथीपूड रोज दोन जेवणांत विभागून दिली असता उपाशीपोटीची साखर घटली. चमचाभर मेथीदाणे साधारण ४ ग्रॅम भरतात. रात्री भिजवून सकाळी चावून खाल्लेल्या चमचाभर मेथीकडून त्याच परिणामाची अपेक्षा करणे म्हणूनच रास्त नव्हे.

कारल्यात रक्तशर्करा उतरवणारी द्रव्ये आढळली आहेत. मात्र उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा, की मधुमेहावरील उपचार म्हणून कारल्याची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही. भाजी म्हणून ते उत्तमच आहे. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर रोज रस प्यायल्यास मात्र साखर अवाजवी घसरण्याची शक्यता असते.

हळदीचा जखमेवरील वापर पारंपरिक आहे. त्यावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. या निकालाने हळदीचा वापर जुना असल्याचे सिद्ध झाले, तिची परिणामकारकता हा प्रश्न तेथे नव्हता. गुढीपाडव्याला खाल्ला जाणारा कडुनिंब 'रक्त शुद्ध करतो' अशी समजूत आहे. रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळण्याचे काम मूत्रपिंडे व यकृत करतात. कडुनिंबाचे तेल लहान मुलांना पाजल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कोडावर वापरली जाणारी बावची खरोखर परिणाम करते, पण ती लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते.

वनस्पतीपासून औषध घडण्याचे ठळक उदाहरण म्हणजे मेटफॉर्मिन. युरोपात मधुमेहाच्या लक्षणांवर वापरल्या जाणाऱ्या, मेथीच्याच कुळातील 'गॅलेगा' या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून त्याचा माग लागला आणि १९५७ साली फ्रेंच वैद्य ज्याँ स्टेर्न यांनी त्याचा रुग्णांवरील वापर प्रसिद्ध केला. मूळ वनस्पती विषारी आहे. मात्रा मोजता येणारी गोळी जगभर रूढ झाली.

सावधगिरी

बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा रुग्णाने काढ्याच्या भरवशावर इंजेक्शन बंद केल्यास काही दिवसांतच रक्तात आम्ले साचून प्राणावर बेतू शकते. दुसऱ्या प्रकारात हानी सावकाश होते. पायांच्या संवेदना बोथट झालेल्या रुग्णाला चप्पल चावल्याचे वा काटा रुतल्याचे कळत नाही, आणि भेगांवर उपाय म्हणून गरम पाण्यात पाय बुडवल्यास ते भाजल्याचेही कळत नाही. पाण्याची उष्णता अशा वेळी हाताच्या कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावी आणि तळपाय व बोटांच्या बेचक्या रोज उजेडात तपासाव्यात, असे सांगितले जाते.