दहा पाळ्यांचं डोकं

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज गावात लाखभर माग आहेत असं सांगतात. साधा माग मिनिटाला 120 वेळा धोटा फेकतो असं धरू. बारा तासांच्या पाळीत 86,400 फेऱ्या झाल्या. आता सगळेच्या सगळे लाखभर माग रात्रंदिवस चालवले, तर दहा पाळ्यांत जेवढ्या फेऱ्या होतील, साधारण तेवढ्या चेतापेशी एका माणसाच्या डोक्यात असतात. 8,600 कोटी!

शेडबाहेरून सगळा एकच खडखडाट वाटतो, पण कुठलेच दोन माग एका ठेक्यात नसतात. मेंदूचंही तसंच. पेशींचे थवेच्या थवे अचानक एकाच ठेक्यात धडधडू लागले, की फिट येते. कामगार दोन मागांच्या मधल्या बोळात कोसळतो, कुणी चप्पल काढून नाकाशी धरतं, कुणी दातांत चमचा घालायला धावतं. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय चपलेला.

अशी फिट वारंवार येत राहणं म्हणजे अपस्मार. जगात अपस्माराचे पाच कोटी लोक आहेत, भारतात कोटीच्या वर. मुंबईत 1980 च्या दशकात डॉक्टरांनी पारशी कॉलन्यांतल्या 14,010 जणांची पाहणी केली, तेव्हा हजारी पाचेकजणांना कधी ना कधी अपस्मार झालेला निघाला. 2011 च्या जनगणनेत इचलकरंजीची वस्ती होती 2 लाख 87 हजार. म्हणजे ढोबळमानाने 1,400 माणसं. तुम्हाला त्यातली किती माहीत आहेत? लग्नाच्या बोलण्यात अपस्मार हा शब्द आजही निघत नाही. अपस्माराचं कारण देऊन लग्न रद्द करण्याची तरतूद कायद्यातून 1999 मध्येच गेली, तरी.

ग्लासगोत 1,795 रुग्णांवर तीस वर्षं नजर ठेवली गेली. निम्म्यांची फिट पहिल्याच औषधाने थांबली. दुसऱ्या औषधाने आणखी साडेअकरा टक्के, तिसऱ्याने जेमतेम साडेचार. तोच हिशेब इथे लावला, तर 1,400 पैकी 700 जण पहिल्या गोळीवर सुटतात आणि पाचशेच्या आसपास काही केल्या अडकून राहतात. फिनलंडमध्ये 245 मुलांचा चाळीस वर्षं मागोवा घेतला, तेव्हा 60 दगावली होती, अपेक्षेच्या तिप्पट. त्यातली बरीचशी ज्यांची फिट थांबलीच नव्हती त्यांच्यातली.

औषध नवं नाही. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे, आणि स्वस्तही. अवघड आहे ती मोजदाद: दिवसाला दोन गोळ्या, तीस वर्षं, 21,900 गोळ्या. मधल्या दोन-चार चुकल्या तरी फिट परत येऊ शकते. जागरणानेही येते. आणि इथे आठवडा दिवसपाळीचा, आठवडा रात्रपाळीचा. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, रात्री झोपताना एक. रात्रपाळीवाला ती खिशात घालून मागावर उभा राहतो.