शिष्यवृत्तीपलीकडचा आधार

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने आपल्या कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठी २००७ मध्ये ‘असॅप’ योजना आरंभली. शुल्कातील उरलेली तूट, पाठ्यपुस्तके, प्रवासाचा पास, शिकवणी, नोकरीविषयक मार्गदर्शन आणि नियमित विचारपूस करणारा सल्लागार असे तिचे स्वरूप. शिक्षण मात्र पूर्णवेळ घ्यावे, ही मुख्य अट.

सोडतीने गट पाडून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत योजनेतील ४० टक्के, तर इतरांपैकी २२ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला. प्रत्येक पदवीमागे मात्र तो घटला. व्यापारी कुटुंबांना हा ताळेबंद सहज उमगेल. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावरील पैसा बुडीत खाती जातो. म्हणून दात्यांनी धनादेशासोबत एक जाणता मार्गदर्शकही द्यावा.